हाडाचा तुकडा आधी, औषध मागाहून
(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात लोंढा येथे दिलेले भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा गौरव करावयाचा असतो. तो करणारे वक्ते आज पुष्कळ आहेत आणि ते आमच्याहून चांगले बोलणारे आहेत. आम्हांला चिटणीस साहेबांनी ‘आरोग्य’ हा विषय दिला व वीस मिनिटे दिली. आरोग्यावर वीस मिनिटांत बोलावयाचे तर उकळलेले पाणी, पहाटेचे उठणे आणि पालेभाजी यांपलीकडे जाता येत नाही, व ते सर्व शाळेच्या भिंतीवर लिहिलेलेच आहे. म्हणून आम्ही एकच आजार निवडला. तो म्हणजे ऑपरेशननंतर कमरेच्या हाडात पू होण्याचा. हा आजार विरळा आहे. लोंढ्यात घरोघर विचारीत गेलात तरी क्वचितच सापडेल. तरीही हाच का, तर तो आमच्या घरात आठ महिने मुक्कामाला होता, आणि जाता जाता ट्रस्टच्या वैद्यकीय मदतीच्या नियमातील एक चूक त्याने आम्हांला दाखविली. त्या नियमाचा मसुदा आमच्याच हातचा आहे. तेव्हा चूक सांगण्याचे कामही आमच्याकडेच येते.

प्रथम हे हाड कोणते ते पाहू. डॉक्टर मंडळी त्यास पेल्व्हिस म्हणतात, पुस्तकी मराठीत श्रोणी म्हणतात. आपण बिनबुडाचे घमेले डोळ्यांसमोर आणावे. पाठीमागे कण्याचे खालचे त्रिकोणी हाड, दोन्ही बाजूंना दोन रुंद पसरट हाडे, आणि पुढे ती दोन्ही एकमेकांस भेटतात तो सांधा. बायका मूल कडेवर घेतात ते या घमेल्याच्या काठावर. आपण बसतो ते त्याच्या तळच्या दोन टोकांवर. पुढचा सांधा ओटीपोटाच्या अगदी खाली हाताला लागतो, आणि त्याच्या लगेच पाठीमागे लघवीची पिशवी असते. पुरुषांमध्ये पिशवीच्या खाली प्रोस्टेटची गाठ, स्त्रियांमध्ये पिशवीच्या मागे गर्भाशय. सारांश, पोटाच्या खालच्या भागातील बहुतेक ऑपरेशने या हाडाच्या शेजारीच होतात. शेजारच्या घरात आग लागली तर ठिणगी कधी कधी आपल्या छपरावर येते, तसाच हा प्रकार.

आमचे मोठे मामू येथील लाकडाच्या वखारीत आयुष्यभर मापे लिहीत होते. गेल्या खेपेच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले, दुर्बिणीतून. ऑपरेशन चांगले झाले. नळी निघाली, रात्री चार वेळा उठणे थांबले, आणि सहा आठवडे माणूस हिंडताफिरता होता. मग जांघेत कळ येऊ लागली. आधी वाटले थंडी लागली, मग वाटले बसून बसून अंग आखडले. मुमानींनी शेकले, एका हाडवैद्याने तेल लावून चोळले. चोळल्यावर दोन दिवस मामूंना कूस वळविता आली नाही.

हे दुखणे साधे नाही हे आमच्या लक्षात आले नाही. ते आले मशिदीतील लोकांच्या. नेहमी पहिल्या सफेत उभे राहणारे मामू सजद्यातून उठताना शेजाऱ्याचा खांदा धरू लागले, आणि पंधरा दिवसांत खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. चाल बदलली. पावले आखूड पडू लागली, बदकासारखी दोन्ही बाजूंना डुलत. स्टेशनावरचा पूल चढताना एकेका पायरीवर दोन्ही पाय आणावे लागत. पायजम्यात पाय घालणे हे तर रोजचे संकट. दोन्ही गुडघे एकमेकांवर दाबावयास सांगितले की कळ सरळ ओटीपोटाखाली उठे. पुढच्या सांध्याच्या दुखण्याची ही खूणच आहे. ती आम्हांला पुढे एका तरुण डॉक्टरांनी समजावून सांगितली. ताप मात्र कधी नव्हता. कधीमधी संध्याकाळी अंग कोमट लागे एवढेच. ताप नाही म्हणजे पू नाही, ही आपली समजूत या आजारात फसविते. वृद्धांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये तर अधिकच फसविते, आणि मामूंना मधुमेह होता.

लघवीचे ऑपरेशन झालेला माणूस, दुखणे लघवीच्या जागेपाशी, तेव्हा लघवीत जंतू असतील असे धरून गोळ्या मिळाल्या. पाच दिवसांच्या. दुखणे निम्मे झाले, घरात आनंद झाला, गोळ्या संपल्या आणि दहा दिवसांनी दुखणे परत आले. पुन्हा गोळ्या, आता सात दिवसांच्या, दुसऱ्या रंगाच्या. पुन्हा तोच खेळ. तिसऱ्या खेपेस आम्ही स्वतःच जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून गोळ्या आणल्या. त्या पाकिटावर लाल उभी रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये असा तिचा अर्थ, व ती रेघ ओळखा असे सांगणारी सरकारी मोहीम २०१६ सालापासून चालू आहे. आम्ही वर्गात मुलांना ती रेघ दाखविलेली आहे. मध्यंतरी एक्स-रे काढला तो अगदी स्वच्छ आला, व त्यामुळे आमची उरलीसुरली शंकाही गेली.

आता येथे थोडे थांबून, गोळ्यांनी बरे वाटूनही आजार का जात नाही हे सांगितले पाहिजे. औषध रक्तातून जाते. हाडाच्या ज्या भागात पू झाला तेथील बारीक रक्तवाहिन्या दाबाने बंद पडतात, आणि तेवढा भाग मरतो. मेलेल्या हाडात रक्त नाही, म्हणून औषधही नाही. जंतू मात्र तेथे सुखाने राहतात. भोवतालच्या मांसातील जंतू गोळ्यांनी मरतात, म्हणून कळ कमी होते, आणि गोळ्या थांबल्या की आतले पुन्हा बाहेर पसरतात. या आजाराचे नाव ऑस्टिओमायलायटिस. आमच्या आजोबांच्या पिढीत त्यास हाडव्रण म्हणत, आणि कातडीला भोक पडून वर्षानुवर्षे पू वाहत राहिला की नासूर म्हणत. त्या काळी उपाय एकच, चिरणे आणि खरवडणे. लोंढ्याची माणसे त्यासाठी मिरजेला जात. डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचे इस्पितळ १८९४ साली उघडले, आणि रेल्वेच्या सोयीमुळे आपल्या बाजूचा रोगी सरळ तेथे पोहोचे. आमच्या आजी सांगत की मीरासाहेबांच्या उरुसाला जाणारे आणि दवाखान्याला जाणारे एकाच डब्यात बसत, आणि परत येताना कोण कोठून आला ते चालण्यावरून कळे.

मग पेनिसिलीन आले. १९२८ साली फ्लेमिंग यांनी बुरशीचा तो गुण पाहिला हे आपण सातवीत शिकवितो. पण ज्या माणसावर ते प्रथम नीट वापरले गेले त्याची हकीकत आपण शिकवीत नाही, ती शिकविली पाहिजे. ऑक्सफर्डमधील आल्बर्ट अलेक्झांडर नावाचा ४३ वर्षांचा पोलीस शिपाई. चेहऱ्यावर, डोक्यावर, फुप्फुसात पू झालेला, एक डोळा काढावा लागलेला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यास पेनिसिलीनचे पहिले इंजेक्शन दिले. एका दिवसात सुधारणा दिसली, ताप उतरला, अन्न जाऊ लागले. औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून ते परत गाळून पुन्हा टोचीत. पाच दिवसांत साठा संपला. शिपाई काही दिवस बरा राहिला, मग रोग उलटला, आणि १५ मार्च रोजी तो वारला. औषध योग्य होते, माणूस सुधारत होता, फक्त ते पुरे पडले नाही. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरीस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन होऊ लागले. साठा संपण्याचे दिवस त्यानंतर मागे पडले. मामूंच्या बाबतीत साठा भरपूर होता. पण कोणते औषध आणि किती दिवस, हे आम्ही तीनदा अंदाजाने ठरविले.

जानेवारीच्या अखेरीस मामू अंथरुणाला खिळले, तेव्हा कुठे त्यांना मोठ्या इस्पितळात नेले. तेथील हाडांच्या डॉक्टरांनी दोन मिनिटे त्यांची चाल पाहिली, पुढच्या सांध्यावर बोट दाबले, गुडघे दाबून घेतले, आणि विचारले, “ऑपरेशन केव्हा झाले?” ऑपरेशनची तारीख, मधल्या गोळ्यांची नावे आणि तारखा त्यांनी कागदावर मांडून घेतल्या. आमच्याकडे चिठ्ठ्या धड नव्हत्या, त्यामुळे मुमानींच्या आठवणीवर ते काम झाले. मुमानींनी गोळ्यांच्या रंगावरून सर्व सांगितले.

त्या डॉक्टरांनी आम्हांला जे सांगितले ते आम्ही वहीत उतरून घेतले आहे, व पुढचे बोलणे त्या वहीतले आहे.

पहिली गोष्ट एक्स-रेची. हाडातील चुना बराच कमी झाल्याशिवाय एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, आणि त्यास दोनतीन आठवडे किंवा अधिकही लागतात. तेव्हा सुरुवातीचा स्वच्छ एक्स-रे म्हणजे आजार नाही असे नव्हे. रक्ताच्या दोन तपासण्या, ईएसआर आणि सीआरपी, शरीरात कोठेतरी दाह आहे एवढे सांगतात. कोठे व कशाचा ते सांगत नाहीत. लवकर आणि नीट दाखविते ते एमआरआय. मामूंच्या एमआरआयमध्ये पुढच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडे आतून ओली दिसली, आणि सांध्यात थोडा पू.

पण तेवढ्यानेही भागत नाही. कारण या सांध्याला दोन आजार होतात आणि दोन्ही एकमेकांसारखे दिसतात. एडविन बीअर नावाच्या न्यूयॉर्कच्या मूत्ररोगतज्ज्ञाने १९२४ साली, लघवीच्या पिशवीच्या ऑपरेशननंतर या सांध्याला होणाऱ्या दाहाचे वर्णन केले. त्यास ऑस्टिआयटिस प्युबिस म्हणतात. त्यात जंतू नसतात. विश्रांती आणि सुजेवरच्या औषधांनी तो हळूहळू बरा होतो. दुसरा जंतूंचा. पहिल्याला महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देणे व्यर्थ, आणि दुसऱ्याला केवळ विश्रांती देणे घातक. दोन्हींत कळ तीच, चाल तीच. आणि आपल्या देशात तिसराही दारात उभा असतो, तो टीबी. कमरेच्या मागच्या सांध्यात तो बसतो हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, कित्येकदा टीबीच असेल असे धरून महिनोगणती औषध चालते आणि रोग भलताच निघतो. उलटही होते. मग फरक कसा करावयाचा? डॉक्टर म्हणाले, “हाडाचा तुकडा काढून पाहिल्याशिवाय आम्ही एकही गोळी देणार नाही.”

हे ऐकून घरची मंडळी रागावली. त्यात आणखी ते म्हणाले की, तुकडा काढण्यापूर्वी दोन आठवडे एकही अँटिबायोटिक द्यावयाचे नाही. दुखणारा माणूस समोर आणि औषध बंद! आमच्या थोरल्या भाचीने तर दुसऱ्या इस्पितळाचे नाव काढले. पण कारण सरळ आहे. अंगात औषध असले की तुकड्यातील जंतू अर्धमेले असतात व प्रयोगशाळेत वाढत नाहीत. चोर घरात आहे हे कळते, पण नाव कळत नाही. वेदनेची गोळी चालते. ताप दिवसातून दोनदा पाहावयाचा. मात्र हे थांबणे सर्वांसाठी नाही, आणि ते आपण नीट ध्यानात ठेवावे. रोग्याला हुडहुडी भरून मोठा ताप आला, रक्तदाब पडला, शुद्ध कमी झाली, तर एक तासही थांबू नये. अशा वेळी डॉक्टर तपासणीसाठी रक्त घेतात आणि लगेच औषध सुरू करतात. थांबावयाचे की नाही हे त्यांनी ठरवावयाचे.

आणखी एक. जखमेच्या तोंडावरचा पू कापसाच्या बोळ्याने घेऊन तपासला तर बहुधा कातडीवरचे भलतेच जंतू मिळतात. नासुराच्या तोंडाशी बसलेला आणि हाडात बसलेला एकच असेल असे नाही. म्हणून तुकडा हाडाचाच हवा, सीटी स्कॅनच्या मदतीने सुई नेमकी नेऊन काढलेला.

आता आमची फजिती. फेब्रुवारीच्या मध्याला सुईने तुकडा काढला. तो एका छोट्या बाटलीत घालून आमच्या हाती दिला, आणि चार गल्ल्या पलीकडच्या प्रयोगशाळेत नेण्यास सांगितले. आम्ही बी.एस्सी., बी.एड., वीस वर्षे विज्ञान शिकविणारे. बाटली छातीशी धरून आम्ही गेलो. खिडकीवरच्या मुलीने झाकण उघडले, वास घेतला, आणि म्हणाली, “सर, हे फॉर्मॅलिनमध्ये आहे. कल्चर होणार नाही.”

आमच्या शाळेच्या कपाटात बरणीत एक बेडूक आहे. पंधरा वर्षे तो जसाच्या तसा आहे. का कुजत नाही, असे मुले विचारतात, आणि आम्ही सांगतो की फॉर्मॅलिनमध्ये जंतू जगत नाहीत, म्हणून कुजविणारे कोणी नाही. हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले असेल! आणि ज्या जंतूंना जिवंत पकडण्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाने दोन आठवडे बिनऔषधाचे काढले, त्यांना त्याच पाण्यात बुडवून आम्ही चार गल्ल्या चालत गेलो. बाटली भरताना कोणाचे चुकले याचा शोध आम्ही घेतला नाही. वासावरून ते आम्हांलाच ओळखता आले असते.

तुकडा अगदी वाया गेला असे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास फॉर्मॅलिनच लागते. त्यात कॅन्सर नाही, टीबीच्या खुणा नाहीत, पण जंतूंचा दाह आहे, एवढे कळले. जंतूचे नाव मात्र कळले नाही. दहा दिवसांनी पुन्हा सुई. या वेळी डॉक्टरांनी स्वतः दोन बाटल्या भरल्या. एक फॉर्मॅलिनची, आणि दुसरी साध्या निर्जंतुक सलाईनची. सलाईनच्या तुकड्यावर कल्चर, व त्याच तुकड्यावर टीबीची सीबीनॅट तपासणी. तुमच्यावर कधी बाटली नेण्याची वेळ आली तर एवढे विचारा की, कल्चरची बाटली कोणती? विचारण्यास पदवी लागत नाही, हे आमच्यावरून सिद्धच आहे.

चौथ्या दिवशी नाव कळले. स्युडोमोनास. ओलाव्यात, नळ्यांत, पाण्यात राहणारा हा जंतू. लघवीच्या ऑपरेशननंतरच्या अशा आजारात तो अनेकदा सापडतो. मामूंना आधी दिलेल्या तिन्ही गोळ्यांपैकी एकीलाही तो भीक घालीत नव्हता. पूर्वी जे थोडे बरे वाटले ते सुजेवरच्या गोळीने, असे आम्ही आता समजतो. कोणत्या औषधाने तो मरतो त्याची यादी अहवालात होती. त्या औषधाचे नाव आम्ही मुद्दामच सांगत नाही, नाहीतर उद्या ते नाव दुकानात विचारले जाईल.

औषधापूर्वी आणखी एक पाहणी झाली. पिशवीत रंगद्रव्य सोडून स्कॅन काढला. पिशवीतून लघवी झिरपून हाडाकडे जात नाही ना, हे पाहण्यासाठी. जात असेल, तर ती वाट ऑपरेशनने बंद केल्याशिवाय जगातले कोणतेही औषध उपयोगी नाही. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे ते होते. पूर्वी त्या भागाला कॅन्सरसाठी किरणांचा उपचार झालेला असेल तर अशी वाट पडण्याचा धोका अधिक. मामूंची पिशवी शाबूत निघाली. मेलेल्या हाडाचा मोठा तुकडा किंवा मोठे गळू असते तर तेही उघडून साफ करावे लागले असते. त्यांना तशी गरज पडली नाही.

मग सहा आठवडे. हाडाच्या जंतूसाठी साधारण एवढा काळ लागतो, कधी त्याहून जास्त. पहिले दोन आठवडे इंजेक्शने, नंतर गोळ्या. आमच्या वडीलधाऱ्यांची खात्री अशी की शिरेतून जाते तेच खरे औषध. ब्रिटनमधील २६ इस्पितळांत १,०५४ रोग्यांवर याची परीक्षा झाली, व तिचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. हाडे व सांधे यांच्या संसर्गात पहिल्या सहा आठवड्यांत नीट निवडलेल्या गोळ्या इंजेक्शनांपेक्षा कमी ठरल्या नाहीत. ‘नीट निवडलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. जंतूचे नाव आणि त्याची यादी हाती असली तरच गोळी निवडता येते, आणि तरच गरीब माणूस दोन आठवड्यांनी घरी येऊ शकतो. नाव नसेल तर डॉक्टरांना सर्वांवर चालणारी भारी इंजेक्शने देत राहावी लागतात, आणि खाटेचे भाडे चालू राहते. म्हणजे तुकड्याच्या तपासणीचा खर्च वाचविणारा माणूस शेवटी चौपट खर्चात पडतो.

मध्येच रमजान आला. मामू रोजे सोडावयास तयार नव्हते. औषध दिवसातून दोनदा ठरल्या वेळी, त्याबरोबर पाणी भरपूर, आणि त्या गोळ्या दूध किंवा पित्ताच्या औषधाबरोबर घ्यावयाच्या नाहीत, कारण त्यांनी गोळीचा असर जातो. हे सर्व आणि मधुमेह सांभाळून रोजे होण्यासारखे नव्हते. शेवटी इमाम साहेब घरी येऊन बसले, आणि आजाऱ्याला कुराणानेच सूट दिली आहे, राहिलेले रोजे बरे झाल्यावर पुरे करता येतात, हे त्यांनी शांतपणे सांगितले. आमचे ऐकले नव्हते, त्यांचे ऐकले. पुढच्या रमजानातही अशी घरे असतील. इमाम साहेबांनी तेथेही जावे अशी आमची विनंती आहे.

बरे झाले हे कशावरून ओळखावयाचे? चालण्यावरून, कळेवरून आणि सीआरपी उतरण्यावरून. एमआरआयमध्ये हाड कित्येक महिने ओलेच दिसते. ते पाहून आम्ही घाबरून दुसरा एमआरआय मागितला होता, डॉक्टरांनी नाही म्हटले. पैसे वाचले.

आमच्या घरची गोष्ट झाली. पण हे पुरुषांचेच दुखणे असे कोणी समजू नये. बाळंतपणानंतर, सिझेरियननंतर किंवा गर्भपातानंतर एखाद्या सुनेला कमरेच्या एकाच बाजूला मागे असह्य कळ, ताप, आणि पाय टेकवत नाही असे झाले, तर आपल्याकडे ‘वारा लागला’ म्हणून खोलीत कोंडून शेकतात. बहुतेक बाळंतिणींची कंबर दुखते हे खरे. पण ताप आणि न टेकवणारा पाय ही जोडी आली तर त्याच दिवशी दवाखाना. मागच्या सांध्यात पू असू शकतो. तरुण मुलीचे हे दुखणे वेळेवर ओळखले तर पूर्ण बरे होते.

ज्यांच्या घरी म्हशी-शेळ्या आहेत, जे जनावरांची वार काढतात, कच्चे दूध पितात, त्यांनी डॉक्टरांना तसे आपणहून सांगावे. जनावरांपासून येणारा ब्रुसेला नावाचा जंतू याच मागच्या सांध्यात बसतो. त्याची तपासणी वेगळी आणि औषधही वेगळे. विचारल्याशिवाय कोणी म्हशीची गोष्ट काढीत नाही.

खानापूर-रामनगर-अनमोड रस्त्यावरचे अपघात आपण जाणतोच. कमरेचे हाड मोडून पट्ट्या-स्क्रू बसविलेले तरुण आपल्या गावांत आहेत. धातूवर जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ बसते तसा. नुसते पाणी ओतून ते जात नाही, घासावे लागते. म्हणून जखम पुन्हा वाहू लागली तर ज्यांनी पट्टी बसविली त्यांच्याकडेच लवकर जावे, मलम लावीत बसू नये.

आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध. माकडहाडाजवळ किंवा बसण्याच्या हाडावर जखम पडते, ती खोल होत हाडापर्यंत जाते. येथे गोळ्यांवर भिस्त ठेवणे म्हणजे पैशांचा चुराडा. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, त्या जागेवरचा भार गेला नाही, तर हाड बरे होत नाही. ट्रस्टने हवेच्या चारपाच गाद्या घेऊन ठेवल्या व फिरत्या दिल्या, तर पुष्कळ काम होईल.

आता नियमाकडे येतो. वैद्यकीय मदत औषध-दुकानाच्या बिलावर व ऑपरेशनच्या बिलावर मिळेल, तपासण्या, प्रवास व राहणे यांवर मिळणार नाही, असा आपला नियम आहे. तो लिहिताना आमचा विचार असा होता की, औषधाचे बिल पडताळता येते, आणि तपासण्या लोक उगीच करीत सुटतात. हेतू वाईट नव्हता. पण त्याचा परिणाम असा की आमच्या मामूंना तीन खेपांच्या चुकीच्या गोळ्यांसाठी ट्रस्टची मदत मिळू शकली असती, आणि ज्या तुकड्याने त्यांचा रोग ओळखला त्यासाठी एक पैसाही नाही. आम्हांस पगार आहे, आम्ही निभावले. याच वर्षी दुसऱ्या एका घरचा तपासणीचा अर्ज आमच्याच समितीने नियमावर बोट ठेवून परत केला. त्या कागदावर आमची सही आहे. तो अर्ज कोणत्या दुखण्याचा होता हे आम्ही त्या वेळी विचारलेही नव्हते.

सरकारी योजना आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक या नावाने ती २०१८ साली सुरू झाली, आणि बीपीएल रेशनकार्ड असलेल्या घराला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पण सरकारी दवाखान्याचे पत्र, कार्ड, आधार हे कागद आधी जुळवावे लागतात, आणि इस्पितळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला ते जुळविता येत नाहीत. त्याला बरोबर चालणारा एक लिहितावाचता माणूस हवा. शाळेतील आम्ही चौघे शिक्षक रविवारी व सुट्टीत ते काम करावयास तयार आहोत.

म्हणून तीन सूचना विश्वस्तांपुढे ठेवीत आहोत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या तपासणीचे बिल मदतीस पात्र धरावे. लांबच्या उपचारात रोग्याजवळ राहणाऱ्या एका माणसाच्या खोलीचे भाडे सहा आठवड्यांपर्यंत द्यावे. आणि प्रत्येक अर्जदाराला एक जाड पुठ्ठ्याची फाईल मोफत द्यावी, ज्यात ऑपरेशनचा कागद, घेतलेल्या प्रत्येक गोळीचे नाव व तारीख आणि सर्व अहवाल राहतील. मुमानींसारखी आठवण प्रत्येक घरात नसते.

सुधारलेल्या नियमाचा कच्चा मसुदा आम्ही लिहून आणला आहे. परत केलेल्या त्या अर्जाची नक्कलही त्यास जोडली आहे. दोन्ही कागद चिटणीस साहेबांच्या टेबलावर ठेवतो.